समुद्रात पोहणारा बिबट्या

घानाच्या किनाऱ्यापासून साधारण सहाशे किलोमीटर दक्षिणेला, गिनीच्या आखातात, एक अद्भुत जागा आहे. तिथे अक्षांशही शून्य आणि रेखांशही शून्य. जमीन नाही, झाड नाही, पाय टेकायला खडकसुद्धा नाही; हवामानाच्या नोंदी घेणारा एक तरंगता बोया तेवढा नांगरून ठेवलेला. पण संगणकावरच्या नकाशांवर विश्वास ठेवायचा तर इतकी जीवसृष्टी ॲमेझॉनच्या खोऱ्यातही नसेल. ताम्हिणीतला बेडूक इथे, केनियातला सिंह इथे, सायबेरियातलं बदक इथे आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला बिबट्याही इथेच. सगळे एकाच ठिपक्यावर, एकमेकांच्या अंगावर उभे; तरी कुणी कुणाला खात नाही. असं रामराज्य पृथ्वीच्या पाठीवर दुसरीकडे नाही.

ही सगळी करामत रिकाम्या रकान्याची. फोटोसोबत जागेची नोंद नसली की काही सॉफ्टवेअर त्या रिकामेपणाचा अर्थ 'शून्य' असा लावतात आणि बिचाऱ्या बिबट्याला विषुववृत्तावर नेऊन सोडतात. नकाशे करणाऱ्या मंडळींनी या ठिकाणाला 'नल आयलंड' असं लाडाचं नाव ठेवलंय. २०११ साली 'नॅचरल अर्थ' या मुक्त नकाशासंचात तिथे एक चौरस मीटरचं बेट चक्क आखूनही टाकलं, म्हणजे भरकटलेला माल कुठे येऊन पडतो ते कळावं. एक चौरस मीटर! मुंबईत एवढ्या जागेला बिल्डरनं 'स्टुडिओ अपार्टमेंट' म्हटलं असतं.

दुसरी गंमत अदलाबदलीची. काही सॉफ्टवेअरना आधी अक्षांश लागतो, मग रेखांश. काहींचा आग्रह बरोबर उलटा. दोन्ही पक्ष आपापल्या जागी ठाम आहेत आणि हे भांडण मिटायची चिन्हं नाहीत. पुण्याचे आकडे १८.५२ आणि ७३.८६. ते उलटे पडले की एरंडवण्यातल्या पेरूच्या झाडावरचा बुलबुल थेट आर्क्टिक समुद्रात, नॉर्वे आणि स्पिट्सबर्गनच्या मधोमध जाऊन पडतो. जवळची जमीन म्हणजे बेअर आयलंड, तीही पन्नासेक किलोमीटर लांब. पुण्याचा बुलबुल इतका लांब गेला तर तिथेही दुपारी एक ते चार झोपेल, हा भाग वेगळा.

फोटोला जागा आपोआप चिकटायला लागली, ही गोष्ट तशी कालपरवाची. उपग्रहांवरून जागा कळायची, पण अमेरिकन सरकार सामान्य माणसाला ती मुद्दाम शंभरेक मीटर चुकवून कळवत असे. मे २००० मध्ये त्यांनी ती खोडी बंद केली. २००६ च्या ऑगस्टमध्ये 'फ्लिकर'नं फोटो नकाशावर टाचायची सोय काढली, तर पहिल्या चोवीस तासांत बारा लाखांवर फोटो टाचून झाले. लोकांच्या मनात किती दिवसांचं साठलं होतं बघा! मग फोनमध्येच जीपीएस आलं आणि टाचायचे कष्टही संपले. आता डोळे मिटून फोटो काढला तरी दशांशचिन्हापुढे सहा-सहा आकड्यांनिशी जागा हजर. सहावा आकडा म्हणजे साधारण अकरा सेंटिमीटर. बुलबुल नीट बसवायचा म्हटलं तर शेपटी बाहेर राहील, एवढी बारीक जागा. फोन स्वतः पाचदहा मीटर इकडेतिकडे भरकटत असतो, पण त्याचा आत्मविश्वास वाखाणण्यासारखा आहे.

यात एक गोष्ट कुणी फारशी बोलत नाही. हे जे सहा आकडी अक्षांश-रेखांश असतात ते प्राण्याचे नसतातच. ते फोटो काढणाऱ्याचे असतात. फोनला काय ठाऊक, गरुड कुठे बसलाय? त्याला एवढंच ठाऊक असतं की मालक कुठे उभा आहे. ठाण्याच्या खाडीतले फ्लेमिंगो समोरच्या चिखलात, पाव किलोमीटरवर. नकाशावर मात्र ते जेट्टीवर, नेमके चहाच्या टपरीशेजारी उभे दिसतात. वन्यजीवांचा म्हणून जो नकाशा आपण कौतुकानं पाहतो, तो माणसांच्या पायांचा नकाशा आहे. एकदा हे ध्यानात आलं की असले नकाशे बघायला फार मजा येते.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. नाव सांगत नाही. नावं आणि जागा न सांगण्याचा विषय पुढे यायचाच आहे. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी कॅमेरा घेतला. लोक निवृत्तीनंतर गीता वाचतात किंवा सोसायटीचे सेक्रेटरी होतात, त्या मानानं हा छंद निरुपद्रवी. बघता बघता हजारो फोटो जमले. पूर्वी अशा माणसाकडे अल्बम असत आणि चहाला गेलं की ते मांडीवर ठेवले जात. पळायला वाव नसे. काकांनी मात्र बाणेरच्या सॉफ्टवेअरवाल्या पुतण्याला गाठून सगळे फोटो एका ऑनलाइन नकाशावर मांडायचं ठरवलं. म्हणजे आता ज्याला पाहायचे त्यानं पाहावेत. तरी चहाला बोलावणं आलंच, कारण ज्याला पाहायचे होते असा कुणी निघाला नाही.

पुतण्यानं 'लीफलेट' वापरलं. वोलोदिमिर अगाफोन्किन या युक्रेनियन प्रोग्रॅमरनं २०११ साली बाहेर काढलेलं, कुणालाही फुकट वापरता येणारं हे अवजार. जगभरातल्या असंख्य नकाशांखाली ते गुपचूप राबत असतं. पहिल्या प्रयत्नात त्यानं सगळे फोटो एकदम टाकले. ब्राउझरच्या दृष्टीनं प्रत्येक टाचणी म्हणजे एक स्वतंत्र चित्र. ते काढायचं, सांभाळायचं, नकाशा सरकला की सरकवायचं. दोनपाचशेपर्यंत त्याची हरकत नसते. हजारोंनी टाचण्या आल्यावर संगणकाचा पंखा आधी गुरगुरला, मग घोंघावला, आणि काकूंनी आतून विचारलं, "अहो, मिक्सर कुणी लावलाय?" पडद्यावर जेव्हा काही उमटलं तेव्हा पुणे शहर नाहीसं झालं होतं. वरपासून खालपर्यंत टाचण्याच टाचण्या. काका म्हणाले, "वा! काय जैवविविधता आहे!"

यावर उपाय म्हणजे गठ्ठे करणं. जवळजवळच्या टाचण्या एकत्र करून त्यांच्या जागी एक वर्तुळ काढायचं आणि आत आकडा लिहायचा. दहाच्या आत असतील तर हिरवं, शंभराच्या आत पिवळं, त्यापुढे नारिंगी. नकाशा जवळ आणत गेलं की वर्तुळ फुटतं, त्यातून लहान वर्तुळं निघतात, त्यांतून आणखी लहान, आणि शेवटी सुटा फोटो. दुरून एकत्र कुटुंब दिसावं आणि जवळ गेल्यावर प्रत्येकाची चूल वेगळी निघावी, तसा प्रकार. काही टाचण्या मात्र कितीही जवळ गेलं तरी सुटत नाहीत, कारण त्या सगळ्या एकाच बिंदूवर काढलेल्या असतात. त्यांच्यावर बोट ठेवलं की त्या कोळ्याच्या पायांसारख्या चहूकडे पसरतात. काकांच्या नकाशावरचा सगळ्यात मोठा कोळी त्यांच्या स्वतःच्या गॅलरीत होता.

तीनशेहून अधिक फोटो, आणि त्यातले बहुतेक एकाच बुलबुलाचे. किंवा एकसारख्या दिसणाऱ्या अनेक बुलबुलांचे. काका याबद्दल काही ठाम बोलत नाहीत. काकू ठाम बोलतात. "तीनशे फोटो त्या बुलबुलाचे. माझा शेवटचा फोटो आधार कार्डावरचा."

भिगवणची सहल तर नकाशावर भलतीकडेच भरली. काकांचा मोठा कॅमेरा जुन्या घडणीचा, त्यात जीपीएस नाही. अशा वेळी फोनमध्ये आपल्या वाटचालीचा माग ठेवतात आणि नंतर घड्याळाच्या वेळा जुळवून प्रत्येक फोटोला त्यातली जागा देतात. युक्ती झकास आहे. फक्त कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर हवं. ते तासभर मागे होतं. आठ वाजता काढलेल्या फोटोवर सातची वेळ, आणि सात वाजता काकांची गाडी होती पाटसच्या टोलनाक्याच्या आसपास. उजनीच्या पाण्यातले झाडून सगळे फ्लेमिंगो, चित्रबलाक आणि शराटी टोलनाक्यावर रांग लावून उभे राहिले. पुतण्यानं ते तासाभरानं पुढे ढकलून पाण्यात सोडले. माझ्या मते तसेच ठेवायला हवे होते. टोलनाक्यावर कुणाच्या तरी चेहऱ्यावर समाधान दिसलं असतं.

पण सगळं जागच्या जागी बसल्यावर तो नकाशा पाहताना माझं लक्ष पक्ष्यांवरून उडालं. पुण्याभोवती दाट ठिपके: पाषाण, वेताळ टेकडी, कवडीपाट, सिंहगडाचा पायथा. तिथून एक बारीक रेघ कोकणात उतरत गेलेली आणि गुहागरजवळ पुन्हा गोळा झालेली. ते काकांचं गाव. तिथे दरवर्षी मे महिन्यात आणि गणपतीत ठिपक्यांची भर. धनेश, खंड्या, आणि गणपतीच्या सुमारास हिमालयाकडून खाली येऊन ओहोळाकाठी शेपूट हलवत हिंडणारा करडा धोबी. मग एकदम अटलांटिक ओलांडून न्यू जर्सीत, एडिसनला एक भलंमोठं नारिंगी वर्तुळ. लालभडक कार्डिनल, निळा जे, करड्या खारी, कॅनडा गूज. सहा महिन्यांत अडीच मैलांच्या पलीकडे एकही ठिपका नाही. मी विचारलं, "काका, अमेरिकेत जाऊन एवढ्याशा जागेत?" ते म्हणाले, "बाबागाडी घेऊन किती लांब जाणार?" मुलीचं बाळंतपण होतं. पहाटे मुलगी झोपावी म्हणून आजोबा नातवाला घेऊन तळ्यावर जात, आणि ज्या फांदीपाशी नातू रडायचा थांबे तिथे फोटो निघे.

त्यानंतरच्या वर्षी टेकडीवरचे ठिपके विरळ झाले. मग टेकडी सुटली, पाषाण राहिलं. मग पाषाणही सुटलं आणि सगळे ठिपके इमारतीच्या कंपाउंडात आले: शिंपी, सूर्यपक्षी, कोतवाल, नारळावरची घार. गुडघ्याचं ऑपरेशन. ते झाल्यावर पाचेक महिन्यांनी कवडीपाटला एक एकटाच ठिपका, धूसर फोटोचा. वेडा राघू असावा किंवा पान असावं. काकांनी तो काढून टाकलेला नाही. एखाद्या माणसाचं आत्मचरित्र वाचण्यापेक्षा त्याच्या पक्ष्यांचा नकाशा पाहावा. त्यात खोटं लिहायला फारसा वाव नसतो.

एका माणसाच्या नकाशाचं जे, तेच सगळ्या समाजाच्या नकाशाचं. 'आयनॅचरलिस्ट' हे संकेतस्थळ २००८ साली बर्कलीच्या तिघा विद्यार्थ्यांनी पदव्युत्तर अभ्यासाचा प्रकल्प म्हणून सुरू केलं. आज त्यावर जगभरातून कोट्यवधी नोंदी आहेत. तुम्ही किड्याचा फोटो टाकायचा, आणि आयुष्यात कधी न भेटलेला कुणी परका माणूस त्याचं नाव सांगतो. ओळखणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक लोकांचं एकमत झालं की नोंदीला 'रिसर्च ग्रेड' असा शिक्का बसतो. घरी माझ्या एकाही मताला आजवर एवढं बहुमत मिळालेलं नाही, पण माझ्या न्हाणीघरातल्या पतंगाला एका दिवसात मिळालं.

या संकेतस्थळावर महाराष्ट्र उघडून पाहावा. मुंबई, ठाणे, पुणे म्हणजे ठिपक्यांचा नुसता चिखल. ताम्हिणी, आंबोली, लोणावळा भरगच्च. रस्त्यांच्या कडेनं रेघा उमटलेल्या. गाडी जिथे थांबवता येते तिथे निसर्ग जास्त आढळतो. आणि रविवारी तो अधिकच फुलतो. एप्रिलअखेर 'सिटी नेचर चॅलेंज' असलं की शहरांतल्या मुंग्या अचानक वाढतात. मग नजर पूर्वेकडे न्यावी. मराठवाड्यावर ठिपके विरळ आणि गडचिरोलीच्या रानात, जिथे खरोखरची झाडी आहे तिथे, कोरा कागद दिसावा. परग्रहावरच्या कुणी हा नकाशा पाहिला तर त्याची खात्री पटेल की भारतीय वन्यजीवांना मिसळ, पार्किंग आणि फोर-जी यांच्याशिवाय जगता येत नाही.

याला शास्त्रज्ञ हसत नाहीत, हिशेबात धरतात. 'ईबर्ड'वर पक्षी टिपणाऱ्यांनी किती वेळ, किती अंतर चालून पाहिलं तेही नोंदवायचं असतं, ते याच्यासाठीच. तीस हजारांवर हौशी लोकांच्या तीन कोटींच्या आसपास नोंदी चाळून 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स'चा २०२३ चा अहवाल तयार झाला आणि त्यात ९४२ जातींचा जमाखर्च मांडला गेला. म्हणजे काकांचे तीनशे बुलबुल अगदीच वाया गेलेले नाहीत. हे मी काकूंना सांगितलं. त्यांनी "हो का?" असं ज्या सुरात म्हटलं, तो सूर मराठीतच निघू शकतो.

कागदावर जागा लिहायची ही पद्धत फोनच्या किती तरी आधीची. संग्रहालयात पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्याच्या पायाला चिठ्ठी बांधलेली असते: कुठे मिळाला, कधी, कुणाला. चिठ्ठीशिवाय पक्षी म्हणजे नुसती पिसं. आणि चिठ्ठी खोटी असेल तर काय होतं, याचा इतिहास आपल्या खानदेशात घडला आहे. रानपिंगळा नावाचं एक बुटकं, रागीट चेहऱ्याचं घुबड आहे. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचं वर्णन केलं. काँग्रेसच्या स्थापनेत पुढे असलेले ते हेच ह्यूम, पण पक्ष्यांचं वेड त्यांना त्याआधीपासूनचं. पुढच्या दहाएक वर्षांत या घुबडाचे मोजके नमुने मिळाले, शेवटचे शहाद्याच्या बाजूला, १८८४ पर्यंत. मग रानपिंगळा गायब. फक्त कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागन या इंग्रज अधिकाऱ्याच्या संग्रहात एक नमुना होता आणि त्याच्या चिठ्ठीवर लिहिलेलं, की हा १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला मिळाला.

कर्नलसाहेब मोठे नामांकित. त्यांच्या शब्दावर कोण शंका घेणार? घुबडाचा शेवटचा पत्ता म्हणून मांडवी पुस्तकांत जाऊन बसली. पुढे १९९० च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी त्या नमुन्याची चिकित्सा केली. निघालं ते असं, की कर्नलसाहेबांनी ब्रिटिश म्युझियममधला जुनाच नमुना लंपास केला होता, उसवून नव्यानं शिवला होता आणि मनाला येईल ती तारीख नि जागा टाकून स्वतःच्या नावावर लावला होता. मांडवीची नोंद खोडल्यावर हाती उरले फक्त एकोणिसाव्या शतकातले खरे पत्ते. रासमुसेनबाई, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट ते घेऊन भारतात आले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, भर सकाळी उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला होता. एकशे तेरा वर्षं तो जगाला सापडला नव्हता. आसपास गुरं चारणाऱ्यांना तो हरवल्याचं कुणी कळवलं नसावं.

त्यानंतर तो मेळघाटात आढळला, आणि २०१४ मध्ये तर मुंबईपासून फार लांब नसलेल्या तानसाच्या अभयारण्यात. म्हणजे एका खोट्या टाचणीनं एवढा घोटाळा होऊ शकतो. मग टाचणी खरी, सहा आकडी अचूक असेल तर सगळं भलंच होईल, असं वाटतं ना? तिथेही गोम आहे.

लुईचा गुहापाल ही चीनमधली एक देखणी पाल. १९९९ मध्ये तिचं वर्णन जागेसकट छापलं गेलं. ते वाचणाऱ्यांत शास्त्रज्ञ होते तसे पाळीव प्राण्यांचे व्यापारीही होते. काही वर्षांतच त्या मूळ जागेवरून पाल साफ उचलली गेली. २०१७ मध्ये डेव्हिड लिंडनमायर आणि बेन शील या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी 'सायन्स' नियतकालिकात सरळ लिहिलं, की दुर्मीळ प्राण्यांच्या नेमक्या जागा छापू नका. जे छापण्यावर शास्त्रज्ञाची नोकरी आणि बढती अवलंबून, तेच छापू नका म्हणणं हे सोपं काम नव्हे. व्यापाऱ्यांचं सोडा, आपल्याकडे हौशी माणसंच पुरेशी आहेत. एखाद्या घुबडाच्या ढोलीचं ठिकाण व्हॉट्सॲपवर फुटलं की दुसऱ्या दिवशी झाडाखाली इतक्या लेन्सा उभ्या राहतात, की घुबडाला वाटावं आपलं लग्न आहे आणि आपल्यालाच आमंत्रण नाही.

आणि तरीही 'जागा सांगू नये' एवढंच म्हणून भागत नाही. आंबोलीला हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडात एक इवलासा मासा आहे. २०२० मध्ये तो विज्ञानाला नवा म्हणून जाहीर झाला, नाव 'शिस्टुरा हिरण्यकेशी'. जागा इतकी उघड, की देवाच्या पत्त्यावरच राहतो. जाहीर झाल्यामुळेच २०२१ मध्ये सरकारनं त्या कुंडाला आणि भोवतीच्या २.११ हेक्टर जागेला जैवविविधता वारसा स्थळ ठरवलं. पत्ता कुणाला ठाऊक नसता तर संरक्षण कशाला दिलं असतं? माशाचं भलं झालं ते देव शेजारी होता म्हणून, की आकारानं तो तळून खाण्याजोगा नव्हता म्हणून, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

या पेचावर 'आयनॅचरलिस्ट'नं काढलेला तोडगा मला मनापासून आवडतो. त्यांनी चकव्याला नोकरी दिली आहे. रानात रात्री माणसाला चकवा लागतो आणि तो एकाच जागेभोवती पहाटेपर्यंत फिरत राहतो, असं आपली जुनी माणसं सांगत आली. इथे धोक्यातल्या जातीची नोंद आली की तिची खरी जागा झाकली जाते आणि भोवतालच्या ०.२ अंश लांबी-रुंदीच्या चौकोनात कुठेतरी, यदृच्छेनं, टाचणी टोचली जाते. आपल्या अक्षांशावर हा चौकोन साडेचारशे चौरस किलोमीटरांहून मोठा भरतो. अभ्यासकाला 'या भागात हा प्राणी आहे' एवढं कळतं, आणि सापळा घेऊन निघालेला पहाटेपर्यंत फिरत राहतो. बोरिवलीच्या उद्यानातल्या बिबट्याचा चौकोन पाहिला तर त्यात भाईंदर येतं, वसई येते, ठाण्याचा तुकडा येतो आणि खाडी येते. त्यामुळे बिबट्या कधी भाईंदर स्टेशनात उतरतो तर कधी भर खाडीत पोहत असतो. नल आयलंडवरचा बिबट्या निष्काळजीपणामुळे समुद्रात पडलेला. हा मात्र कुणीतरी विचारपूर्वक, त्याच्या भल्यासाठी पाण्यात सोडलेला. नकाशावर दोघे सारखेच ओले दिसतात.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या माणसाला हे शास्त्र कुणी शिकवायला नको. पावसाळ्याच्या सुरुवातीला वारुळावर अळंबी उगवतात. ज्याला जागा ठाऊक असते तो पहाटे उठून, टोपली झाकून, भलत्याच वाटेनं घरी येतो. विचारलं तर म्हणतो, "असंच, वरच्या अंगाला." वरचं अंग म्हणजे सगळा सह्याद्री. शेजाऱ्याला वाटीभर अळंबी देतील, जागा देणार नाहीत. ०.२ अंशांचा चौकोन याहून निराळं काय करतो?

गेल्या मे महिन्यात काका गावी जाऊन आले. नकाशावर नेहमीप्रमाणे गुहागरजवळचं वर्तुळ फुगलं: धनेश, खंड्या, हळद्या, एक नवरंग. सगळं उघड, सगळं अचूक, आंब्याच्या झाडासकट. काकूंच्या तोंडून मात्र एक बातमी निसटली, की एका रात्री काकांना खवले मांजर दिसलं. खवल्यांसाठी ज्याची जगभर बेसुमार चोरटी शिकार होते ते जनावर. आयुष्यभर कोकणात राहून ते न पाहिलेली माणसं आहेत. फोटोही मिळालाय म्हणे, चांगला, शेपटीच्या टोकापर्यंत. नकाशावर तो कुठेच नाही. चौकोनातसुद्धा नाही.

लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या एका तरुणानं त्यांना गाठलं. पाठीवर कॅमेऱ्याची बॅग, हातात फोन, फोनवर नकाशा उघडलेला.

"काका, खवले मांजर दिसलं म्हणे! कुठे?"

काका म्हणाले, "रात्री."

"नाही, रात्री ते ठीक आहे. पण जागा कुठली?"

"जमिनीवर."

"म्हणजे गावाच्या कुठल्या बाजूला?"

काकांनी गुडघा चोळला, थोडा विचार केला आणि म्हणाले, "बुलबुल पाहिलेस का माझे? तीनशे आहेत. ये संध्याकाळी चहाला, सगळे दाखवतो."

तरुण दुसऱ्या मजल्यावरच उतरला. उरलेले दोन मजले म्हणे त्याला व्यायाम करायचा होता.